विज्ञान-अध्ययनातील स्वनियमनाचे मापन : ओरगडमच्या भाषिक संदर्भात

विद्यार्थी स्वतःच्या अध्ययनाचे उद्दिष्ट ठरवतो, त्यासाठी रीत निवडतो, मध्येच थांबून आपल्याला कळले की नाही हे तपासतो आणि न कळल्यास रीत बदलतो. या प्रक्रियेस स्वनियमित अध्ययन असे म्हणतात. बॅरी झिमरमन यांनी 2000 साली तिचे पूर्वविचार, कृती आणि आत्मपरीक्षण असे तीन टप्पे मानले. स्वयंशिस्तीशी तिची गल्लत होऊ नये. वेळेवर वही पूर्ण करणारा विद्यार्थी शिस्तीचा असतो, परंतु तो स्वनियमन करतोच असे नाही.

मापनाचा रूढ मार्ग प्रश्नावलीचा आहे. पिन्ट्रिच आणि डी ग्रूट यांनी 1990 मध्ये सातवीच्या 173 विद्यार्थ्यांना विज्ञान व इंग्रजी या विषयांसंबंधी प्रश्नावली दिली. आत्मसामर्थ्याची जाणीव व परीक्षेची भीती यांच्याबरोबरच स्वनियमन हा घटकही संपादणुकीचा चांगला निदर्शक ठरला. वेलायुथम, आल्ड्रिज आणि फ्रेझर यांनी 2011 मध्ये केवळ विज्ञानासाठी 32 विधानांचे साधन सिद्ध केले. अध्ययन-उद्दिष्टाकडील कल, विषयाचे मूल्य, आत्मसामर्थ्य आणि स्वनियमन ही त्याची चार अंगे होत. त्याची चाचणी पर्थ येथील आठवी ते दहावीच्या 1360 विद्यार्थ्यांवर झाली. ही सर्व विधाने मुळात इंग्रजीत आहेत, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

चेन्नईच्या नैर्ऋत्येस कांचीपुरम जिल्ह्यात असलेले ओरगडम हे सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि मोटार-कारखान्यांमुळे ओळखले जाते. रेनॉ-निस्सान यांचा कारखाना तेथे 2010 साली सुरू झाला. कामगार व अभियंत्यांची अनेक प्रांतांतील कुटुंबे अशा पट्ट्यात येतात. तेव्हा एकाच विज्ञानवर्गातील तमिळभाषी मुलगी आणि मराठीभाषी मुलगा यांचे गुणांक शेजारी मांडायचे झाल्यास दोन्ही भाषांतील विधाने एकच गोष्ट मोजतात काय, हे आधी पाहावे लागते.

तमिळमध्ये ‘पडि’ या एकाच धातूने वाचणे आणि अभ्यास करणे हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. ‘न समजल्यास पुन्हा वाचतो’ आणि ‘न समजल्यास पुन्हा अभ्यास करतो’ ही मराठीत सहज वेगळी राहणारी विधाने तेथे एकरूप होण्याचा संभव असतो. उलटपक्षी, मराठीतील ‘अभ्यास’ शब्दात पाठांतरापासून गृहपाठापर्यंत सारे सामावते. त्यामुळे तो शब्द असलेले विधान स्वनियमनाविषयी फारसे सांगत नाही.

क्रियापदाचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. तमिळमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदास लिंग नसते. मराठीत मात्र ‘मी अंदाज बांधतो’ की ‘बांधते’ हे ठरवावेच लागते. ‘बांधतो/बांधते’ अशी तिरपी रेघ छापण्याची पद्धत आहे. ती वाचनात अडखळते. ‘मला सवय आहे’ असे म्हटल्यास लिंग टळते, परंतु कृतीची जागा स्वभाव घेतो. याहून बरी वाट मराठी व्याकरणातच आहे. ‘गेल्या प्रयोगापूर्वी मी अंदाज बांधला होता’ या कर्मणी रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि ‘मी’ मुलगा की मुलगी हे उघड होत नाही. (‘शिकणे’, ‘विसरणे’ यांसारखी सकर्मक क्रियापदे या नियमास अपवाद आहेत, म्हणून ती टाळणे इष्ट.)

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. विनी आणि पेरी यांनी 2000 मध्ये स्वनियमन हा स्थिर गुण मानून मोजणे आणि घटना म्हणून मोजणे यांत भेद केला. भूतकाळी विधान विद्यार्थ्याला एका विशिष्ट प्रयोगाकडे नेते. त्यामुळे उत्तराचा पडताळा प्रयोगवहीत घेता येतो. अंदाज खरोखर लिहिला होता काय? चुकलेले मापन खोडून पुन्हा घेतले होते काय? विनी आणि जेमिसन-नोएल यांच्या 2002 मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेला रीतींचा वापर आणि कामात उमटलेल्या खुणा यांत तफावत आढळली होती. केवळ सांगण्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तमिळनाडूच्या बाबतीत एक वेगळी सावधगिरी आवश्यक ठरते. तेथील शासकीय शाळांच्या उच्च प्राथमिक वर्गांत 2007 च्या सुमारास सक्रिय अध्ययन पद्धती आली. धडा वाचणे, महत्त्वाचे शब्द अधोरेखित करणे, संकल्पनाचित्र काढणे, सारांश लिहिणे, गटात चर्चा करणे असा तिचा क्रम होता. ‘वाचल्यानंतर मी सारांश लिहितो’ या विधानाला अशा वर्गातील प्रत्येक मूल होकार देईल, कारण तो तासिकेचा नेम असतो. सर्वांची उत्तरे सुसंगत असली तरी सप्रमाणता उणी राहते. शिक्षकाने नेमलेली कृती आणि मुलाने निवडलेली कृती यांतील भेद टिपण्यासाठी ‘कोणी न सांगता’ एवढे तीन शब्द विधानात घालावे लागतात, आणि त्यांचे तमिळ रूपही तितकेच काटेकोर असावे लागते.