चहा न घेणारे पाहुणे

आमच्या जवाहरनगरात पाहुण्याने चहाला नाही म्हटले, तर त्याचे काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना लागणारी ही दारूगोळा कारखान्याची वसाहत. बंगाली, तेलुगू, मल्याळी, उत्तरेकडचे, अशी देशभरची माणसे इथे क्वार्टरांच्या एकाच रांगेत राहत आली. भाषा निरनिराळ्या, देव निरनिराळे. पण दाराची कडी वाजली की चहाचे आधण ठेवायचे, हा सर्वांचा समान धर्म! अशा वसाहतीत उभा जन्म काढलेली आमची सौ. जेव्हा सातासमुद्रापलीकडे जाऊन एका दारात चहाचा आग्रह करू लागली आणि समोरचे पाहुणे मान हलवून नको म्हणू लागले, तेव्हा तिची काय अवस्था झाली असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

ही गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यातली. आम्ही उभयता टेक्सासमध्ये लेकीकडे गेलो होतो. लेक-जावई सकाळी कामावर गेले की ते मोठे घर आम्हांला खायला उठे. एके दिवशी मी फेरफटका मारून परत येतो, तो दाराबाहेर पायरीवर दोन तरुण उभे. पांढरा शुभ्र सदरा, गळ्यात टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि अंगाला घामाच्या धारा. दोघांच्या हातांत पाण्याचे रिकामे पेले होते आणि उंबरठ्याच्या आत आमची सौ. चेहरा पाडून उभी होती.

"अहो, बघा ना," ती मराठीत म्हणाली, "मघापासून म्हणते आहे आत या, चहा घ्या. आत यायला तयार नाहीत, चहाही नको म्हणतात. आपल्या हातचे चालत नाही की काय यांना?"

तिचा प्रश्न ऐकून मला हसू आले आणि क्षणभर थोडी लाजही वाटली. हाच प्रश्न मनात घेऊन आपल्या देशात कित्येकांना पिढ्यान् पिढ्या आपल्याच दाराबाहेर उभे राहावे लागले होते! पण त्या मुलांचे कारण अगदीच वेगळे निघाले. घरात एकटी बाई असेल, तर आत पाऊल टाकायचे नाही, असा त्यांचा नियम. मी आल्यामुळे ती अडचण मिटली. राहता राहिला चहा. चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू ही चारही त्यांच्या धर्मात वर्ज्य! शेवटी लिंबाच्या सरबतावर तडजोड झाली आणि सौ.चा चेहरा पुन्हा फुलला.

दोघांच्याही नामपट्टीवर नावापूर्वी 'एल्डर' असे लिहिलेले होते. एल्डर म्हणजे वडीलधारा. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा वीस वर्षांचा. मिसरूड नुकती फुटलेली, आणि पदवी मात्र वडीलधाऱ्याची! ही मुले मॉर्मन पंथाचे प्रचारक होती.

या पंथाची थोडी ओळख करून द्यायला हवी. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. बायबलच्या जोडीला 'मॉर्मनचा ग्रंथ' हेही या पंथाचे धर्मशास्त्र. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वैर आले, खुद्द स्मिथचा जमावाने बळी घेतला, आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग याच्या मागोमाग ही मंडळी पश्चिमेकडे डोंगराळ, कोरड्या यूटा प्रदेशात जाऊन वसली. एकेकाळी त्यांच्यात अनेक बायका करण्याची चाल होती. १८९० साली मंडळाने ती सोडल्याचे जाहीर केले. आता 'मॉर्मन' हे टोपणनाव न वापरता आपल्या मंडळाचे येशू ख्रिस्ताच्या नावाचे पूर्ण नाव घ्यावे, असा त्यांच्या प्रमुखांनी २०१८ पासून आग्रह धरला आहे. पण ते नाव एवढे लांबलचक आहे की जुनेच नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे.

त्यांच्यात तरुण मुलांनी ऐन उमेदीची दोन वर्षे प्रचाराला द्यावीत अशी अपेक्षा असते. मुलगे साधारण अठराव्या वर्षानंतर निघतात. मुलीही जातात, दीड वर्षासाठी. त्यांना 'सिस्टर' म्हणतात. जगभरात असे ७० हजारांहून अधिक तरुण एका वेळी हिंडत असतात. कोठे जायचे ते मुलाने ठरवायचे नाही. अर्ज करायचा आणि वाट पाहायची. पूर्वी त्याचे पत्र पाकिटातून येई, आता ते संगणकावर येते. सगळे घर भोवती गोळा होते आणि मुलगा मोठ्याने वाचतो : जपान! ब्राझील! नाहीतर शेजारचेच राज्य! मग काही आठवडे शाळेत घालायचे. गरज असेल तर तिथे नवी भाषाही शिकवतात. एवढे झाले की बॅगा उचलायच्या.

"पगार किती देतात?" मी आपला सरकारी नोकराचा प्रश्न विचारला.

दोघेही हसले. पगार नाहीच, उलट खर्च घरचा! अमेरिकेसारख्या देशांतल्या मुलाच्या कुटुंबाने तेव्हा दरमहा ४०० डॉलर भरायचे असत. २०२० पासून ते ५०० झाले. १९९१ पूर्वी ज्या गावी मुलगा जाई, तिथला खरा खर्च घराला सोसावा लागे. एकाचा मुलगा महागड्या शहरात, तर दुसऱ्याचा स्वस्त खेड्यात, असा नशिबाचा खेळ होई. म्हणून सर्वांसाठी सारखीच रक्कम ठरवण्यात आली. कित्येक मुले लहानपणापासून गवत कापून, गिऱ्हाइकांच्या गाड्या धुऊन यासाठी पैसे साठवतात. आपल्याकडे लग्नासाठी साठवतात तसे!

त्यांचा दिनक्रम ऐकून मला कारखान्याचा भोंगा आठवला. साडेसहाला उठायचे, व्यायाम, प्रार्थना, मग ग्रंथवाचन. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे ते रात्री नऊपर्यंत, आणि साडेदहाला दिवा मालवायचा. २०१७ पासून देशोदेशीच्या रीतीप्रमाणे या वेळा थोड्या मागेपुढे करण्याची मुभा मिळाली आहे. सिनेमा नाही, मैत्रिणीबरोबर हिंडणे नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, वाणसामान आणणे आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी. शिवाय जोडीदाराला सोडून कुठे म्हणून जायचे नाही. तो जोडीदारही आपण निवडायचा नाही. वरून ठरतो आणि काही आठवड्यांनी बदलतो. न पटणाऱ्या माणसाबरोबर एका खोलीत चोवीस तास काढायचे, म्हणजे लग्नाचीच रंगीत तालीम म्हणा ना!

आमच्या दोघा पाहुण्यांपैकी एक आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावरचा, तर दुसरा फिलिपाईन्समधल्या भातशेतीच्या गावचा. दुसऱ्याचे इंग्रजी अडखळत होते. पण "तुमच्याकडे काय पिकते?" असे त्याने विचारले आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या बांध्या, चिखलणी, रोवणी यांचे वर्णन मी सुरू केले, तसा तो खुर्चीच्या कडेवर सरकून बसला. ती बोलणी कानांवर पडताच सौ. स्वयंपाकघरात गेली. पुढच्या रविवारी दोघांना जेवायचे बोलावणे गेले.

तेही सरळ पार पडले नाही. तो महिन्यातला पहिला रविवार निघाला. त्या दिवशी दोन वेळा उपास करायचा आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गोरगरिबांसाठी द्यायचे, अशी त्यांच्यात रीत आहे. "म्हणजे महिन्याला एकच एकादशी!" सौ. म्हणाली आणि तिने रविवारऐवजी मंगळवार ठरवला.

मंगळवारी वरणभात, तूप, बटाट्याची भाजी असा बेत होता. फिलिपाईन्सच्या पोराने पहिला घास घेतला आणि तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "माझी आई असाच मऊ भात करते." त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून प्रचारकांना दर आठवड्याला घरी फोन करण्याची परवानगी मिळाली होती. त्याआधी फोन वर्षातून फक्त दोनदा : नाताळला आणि मातृदिनाला! हे ऐकून सौ.ने त्याच्या पानात आणखी भात वाढला. तिला दुसरे काही सुचले नसावे.

जेवणानंतर आयडाहोवाल्याला मी विचारले, "बाबा, यात सगळ्यात अवघड काय? बंद दारे?"

"दारांची सवय होते," तो म्हणाला. "सबंध दिवस हिंडलो आणि एकही दार उघडले नाही, असेही होते. पहिल्या महिन्यात मी रात्री रडत असे. आता दार लावणाऱ्यालाही 'दिवस छान जावो' म्हणतो, आणि मनापासून म्हणतो." थोडे थांबून तो पुढे बोलला. त्याचा थोरला भाऊ असाच परदेशी गेला होता आणि चार महिन्यांतच परत आला. झोप उडाली, जेवण तुटले, मन उभारी धरीना. शेवटी डॉक्टरांनीच परत जा म्हणून सांगितले. पण गावात लोकांनी काही विचारायच्या ऐवजी नजरा चुकवायला सुरुवात केली. दोन वर्षे पुरी करून येणाऱ्याला विमानतळावर फलक घेऊन आणायला जातात. भावाला आणायला एकटी आई गेली होती. "आता मी पुरी दोन वर्षे केली, तर त्याला आणखी वाईट वाटेल, आणि नाही केली तर आईला," तो म्हणाला.

मी ते मराठीत सांगितले, तशी सौ. उसळून म्हणाली, "परत आला तो काय चोरी करून आला? आजारी लेकरू घरीच येणार ना!"

मी गप्प राहिलो. आमच्याच वसाहतीतले चेहरे माझ्या डोळ्यांपुढून सरकत होते. इंजिनियरिंगसाठी, डॉक्टरीच्या परीक्षेसाठी मोठ्या शहरांत पाठवलेली आणि मधूनच परतलेली मुले! बाजारात त्यांचे वडील भेटले की आपण क्रिकेटवर बोलतो, हवापाण्यावर बोलतो, पण मुलाचे नाव काढत नाही. आपल्याला वाटते, हा आपला समंजसपणा. त्या मुलाला काय वाटत असेल, हे मला आयडाहोच्या पोराने शिकवले.

घरी परतल्यावर मी या पंथाविषयी मिळेल ते वाचले आणि चकित झालो. त्यांचा एक तरुण प्रचारक आपल्या पुण्यात येऊन गेला होता! ह्यू फिंडले हा मूळचा स्कॉटलंडचा. वयाच्या तिशीत, १८५२ च्या सप्टेंबरात, तो मुंबई बंदरात उतरला. खिशात पैसा न बाळगता देवाच्या भरवशावर हिंडायचे, अशी तेव्हाच्या प्रचारकांची रीत होती. इतर पाद्री आणि वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. पुण्याच्या छावणीत लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला प्रचाराची बंदी केली. मागोमाग त्याचा भाऊ ॲलन आला. मराठी लोकांना उद्देशून फिंडलेने एक पुस्तिकाही लिहिली. तीन वर्षे खपून पदरात पडले काय, तर पुण्यात मूठभर माणसांची एक मंडळी! १८५५ साली तो परत गेला आणि त्या काळचा त्यांचा हिंदुस्थानातला प्रयत्न लवकरच आवरला. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी पंथाने इथे पुन्हा मूळ धरले; १९९३ मध्ये बंगलोरला आणि २००७ मध्ये दिल्लीला त्यांची प्रचारकेंद्रे झाली.

हिशेबाच्या वहीत फिंडलेची तीन वर्षे तोट्याचीच दिसतील. पण दारोदार हिंडणाऱ्यांचे माप असे काढायचे असते का? आपल्याकडे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना एका जागी न राहता हिंडायला आणि भिक्षेवर राहायला शिकवले. आमच्या भंडाऱ्याचा निळभट्ट भांडारेकार घरदार टाकून त्यांच्या मागे गेला. विदर्भाचेच गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले. आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. दाराशी येणाऱ्या माणसाची आपल्याला मुळीच अपूर्वाई नाही. दार लावून घेण्याची सवय अलीकडची.

निरोपाच्या दिवशी त्या मुलांनी त्यांचा ग्रंथ पुढे केला. सौ.ने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "पुस्तक ठेवून घेते हो बाळांनो. पण आमचा विठोबा आमच्याकडेच राहील." मी भाषांतर केले, तेव्हा दोघे मनमोकळे हसले. ती मुले कशासाठी आली होती, ते त्यांनी लपवले नव्हते. आम्ही काय आहोत, तेही आम्ही लपवले नाही. धर्म ज्याचा त्याच्यापाशी राहिला आणि ओळख मात्र पक्की झाली.

जाताना सौ.ने आयडाहोवाल्याला थांबवले आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, "तुझ्या भावाला सांग, इंडियात एक आई आहे. ती म्हणाली, घरी आलास ते बरे केलेस."

तो पोरगा काही बोलला नाही. मान लववून पायऱ्या उतरला. जोडीदार सायकल धरून उभा होता.

जवाहरनगरला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी मागच्या गल्लीत गेलो. तिथल्या एका घरचा मुलगा वर्षभरापूर्वी शिक्षण अर्धवट टाकून परत आला होता. दार त्यानेच उघडले. मी म्हटले, "बाळ, तुझ्याशीच गप्पा मारायला आलो आहे. चहा करतोस का?"

त्याने आधण ठेवले.