शॉकअपचे पाच टप्पे

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला एकटं जायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीवर डबलसीट निपाणी गाठायची. वजन दुप्पट झालं, तरी शॉकअपची सेटिंग शोरूममधून आली तशीच! स्प्लेंडरसारख्या गाडीच्या मागच्या शॉकअपवर, स्प्रिंगच्या टोकाशी, खाचांची कडी असते. तिला पाच टप्पे. आकडीच्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. त्याने स्प्रिंग कडक होते, असं बरेच जण ठामपणे सांगतात. तसं नाही. कडकपणा तोच राहतो. गाडी कमी बसते आणि खड्ड्यात चाकाला वर जायला जागा उरते.

स्वार बसल्यावर मागची बाजू एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश खाली जावी. चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेपने मोजा: आधी मागचं चाक अधांतरी ठेवून, मग माणूस बसवून. दोन्ही शॉकअप एकाच टप्प्यावर हवेत. मागे फार बसलेल्या गाडीचा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे हायवेवर रोज दिसतं. शॉकअपमधून तेल गळत असेल, तर मात्र कडी कितीही फिरवा, गाडी उसळतच राहणार.