ढेकूण आणि पेनड्राइव्ह

संगणकातला व्हायरस काढणारा माणूस आमच्याकडून तिसऱ्यांदा पैसे घेऊन गेला, त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. गोष्ट २००९ सालच्या मार्च महिन्यातली. रविवारी सकाळी मी मशीन सुरू केले. वर्तमानपत्र उघडले, मेल उघडली, रेल्वेचे आरक्षणही उघडले. अँटिव्हायरस कंपनीचे पान मात्र उघडेना. दुसऱ्या कंपनीचे पाहिले, तेही नाही. विंडोजचे आपोआप येणारे अपडेट मी चालू करून ठेवले होते, ते कोणीतरी पुन्हा बंद केलेले. म्हणजे पाहुणा परत आला होता. आणि या वेळी तर आम्ही मशीन फॉरमॅट करून घेतले होते!

ज्यांनी चाळीत दिवस काढले आहेत त्यांना ढेकणांचा अनुभव असेल. खाट गच्चीवर न्यायची, आपटायची, सांध्यांत उकळते पाणी ओतायचे, वरून रॉकेलचा बोळा फिरवायचा. त्या रात्री सुखाची झोप. आठ दिवसांनी पुन्हा तेच. खाट स्वच्छच असते हो. पण गादीच्या शिवणीत, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे आणि शेजारच्या बिऱ्हाडात मंडळी शाबूत असतात. म्हणूनच आमची आजी दिवाळीपूर्वी साऱ्या मजल्याला एकाच दिवशी खाटा बाहेर काढायला लावी. कोणी कुरकुर केली तर त्याच्याशी आठ दिवस बोलत नसे.

आम्ही तीनदा खाट धुतली होती. कॅलेंडरमागे कोणी पाहिलेच नव्हते.

आमच्याकडे आलेल्या व्हायरसचे नाव कॉन्फिकर. शास्त्रशुद्ध बोलायचे तर तो वर्म, म्हणजे कोणाच्या मदतीवाचून एका मशीनवरून दुसऱ्यावर सरकणारा. पण बोलताना आपण या साऱ्या जमातीला व्हायरसच म्हणतो, मीही तसेच म्हणतो. नोव्हेंबर २००८ मध्ये तो पहिल्यांदा दिसला. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरत असे, ते बुजवणारी दुरुस्ती त्याआधीच, २३ ऑक्टोबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने दिली होती. ज्यांनी ती लावली त्यांच्याकडे ही वाट बंद झाली. आमच्याकडे ‘अपडेटमुळे मशीन हळू चालते’ या लोकप्रिय समजुतीपायी ती लागली नव्हती. दोष सर्वस्वी माझा.

पुढे त्याच्या नव्या आवृत्तीने आणखी दोन वाटा शोधल्या. एक म्हणजे जोडलेल्या मशीनवर सोपे पासवर्ड एकामागून एक लावून पाहणे. दुसरी वाट पेनड्राइव्हची, आणि ती फार धूर्त होती. पेनड्राइव्ह लावला की ‘काय करू?’ विचारणारी खिडकी उघडते. तिच्यात ‘फोल्डर उघडून फाइली पाहा’ अशा अर्थाची एक ओळ असते. कॉन्फिकर तशीच आणखी एक ओळ आपल्या पदरची घाली, शेजारी फोल्डरचे तेच पिवळे चित्र. माणूस सवयीने वरच्या ओळीवर टिचकी मारी आणि फोल्डर उघडण्याऐवजी व्हायरस सुरू होई. पेनड्राइव्हवर तो राही ‘रिसायकलर’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये, म्हणजे कचरापेटीचे सोंग घेऊन. कचरापेटी कोण उपसून पाहतो?

आत शिरल्यावर तो पहिले काम करी ते आपल्या जिवाच्या बंदोबस्ताचे. विंडोजचे अपडेट बंद. लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय बंद. मशीन जुन्या स्थितीला नेण्यासाठी विंडोजने राखलेल्या खुणा पुसून टाकायच्या. आणि पत्त्यात ठरावीक शब्द आले की ते पान अडवायचे. ‘व्हायरस’ हा शब्दही त्या यादीत होता! शिवाय आपल्या धन्याचा निरोप आला आहे का हे पाहण्यासाठी तो रोज २५० नवनवे पत्ते स्वतःच तयार करून ठोठावीत असे. त्याच्या कर्त्यांना पकडून देणाऱ्यास मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००९ मध्ये अडीच लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले, यावरून प्रकरण केवढे होते ते कळावे.

आता आमच्या तीन प्रयत्नांकडे पाहा. पहिल्या वेळी त्या गृहस्थांनी आमचा अँटिव्हायरस चालवला. त्याला महिनाभर अपडेटच मिळाले नव्हते. व्हायरसनेच ते अडवले होते. म्हणजे चोराने कुत्र्याला आधीच खोलीत कोंडले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी व्हायरस खरोखर काढला, पण भोक तसेच राहिले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “साहेब, फॉरमॅट मारू. डेटा कुठे आहे?” मी ठामपणे सांगितले, “सगळा डी ड्राइव्हवर.” त्यांनी सी ड्राइव्ह पुसला आणि जवळच्या सीडीवरून विंडोज पुन्हा घातले. ती सीडी अस्सल होती का, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

माझा डेटा खरोखरच डीवर होता. बाबांचा नव्हता.

बाबा रेल्वेत गार्ड होते, भुसावळ विभागात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते मराठी टाइप करायला शिकले होते. कीबोर्डशेजारी अक्षरांचा छापील कागद चिकटवून एका बोटाने रोज दुपारी नोकरीच्या आठवणी लिहीत. बावन्न पाने झाली होती. फाइल कुठे ठेवायची हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, म्हणून समोर दिसेल अशी पडद्यावरच, म्हणजे डेस्कटॉपवर, ठेवली होती. डेस्कटॉप दिसतो समोर, पण राहतो सी ड्राइव्हवर. संध्याकाळी मशीन नवे कोरे होऊन सुरू झाले आणि बाबा चष्मा लावून बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली, “अरे, इथलं माझं कुठे गेलं?”

तेवढे करूनही व्हायरस दोन दिवसांत परत. तो आणला कोणी? मीच. फॉरमॅटपूर्वी खबरदारी म्हणून फोटोंची एक प्रत मी पेनड्राइव्हवर घेतली होती, आणि नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी तो पेनड्राइव्ह लावला. वरची ओळ. टिचकी.

त्या रविवारी वरच्या मजल्यावरचा मुलगा आला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने आधी इंटरनेटची तार काढली आणि मग जुन्या वैद्यासारखी चौकशी सुरू केली. “काका, गेल्या महिन्यात या मशीनला काय काय लावलं?” यादी होत गेली. माझा पेनड्राइव्ह. सौभाग्यवतींचा, तो त्यांच्या शाळेत जातो, कारण प्रश्नपत्रिका घरी तयार होतात. मुलीचा, तो प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. कॅमेऱ्याचे कार्ड. भाच्याचे गाणी ऐकण्याचे यंत्र. सगळे त्याने एका ताटात जमा करायला सांगितले. पूजेच्या ताटासारखे ते टेबलावर दिवसभर होते, आणि त्यातले काही उचलायला मुलीला बंदी होती.

मग तो आपल्या घरी गेला. तिथल्या चांगल्या मशीनवरून त्याने ऑक्टोबरची ती दुरुस्ती आणि मायक्रोसॉफ्टचे व्हायरस काढण्याचे मोफत साधन उतरवून घेतले. ते साधन जानेवारी २००९ पासून कॉन्फिकर ओळखू लागले होते. दोन्ही त्याने सीडीवर आणले. मी विचारले, “पेनड्राइव्हवर का नाही?” म्हणाला, “लावल्या लावल्या व्हायरस त्याच्यावर स्वतःला लिहून ठेवील. सीडी एकदा राइट केली की तिच्यावर कोणाला काही लिहिता येत नाही.” इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावाचून आमचे तीन वेळचे पैसे गेले होते.

तार काढलेलीच. साधन चालवले, मशीन बंद करून सुरू केले, दुरुस्ती लावली, पुन्हा सुरू केले, पुन्हा तपासले. बाहेरचे काही लावले की आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली. मग ताट पुढे ओढले. शिफ्टची कळ दाबून धरून एकेक वस्तू लावायची, म्हणजे आपोआप काही सुरू होत नाही. कागदपत्रे आणि फोटो तेवढे काढून घ्यायचे. ती वस्तू पुसून कोरी करायची. पाचपैकी तीन ठिकाणी ते कचरापेटीचे सोंग सापडले. त्यातला एक सौभाग्यवतींचा. म्हणजे शाळा.

सौभाग्यवतींनी मुख्याध्यापकांना कसे सांगितले याची मला कल्पना नाही, पण पुढच्या शनिवारी शाळेच्या संगणक कक्षातली सगळी मशीन एकमेकांपासून तोडून एकाच दिवशी साफ झाली. सगळ्यांना एकच पासवर्ड होता, एक ते पाच आकडे. तोही बदलला. त्यानंतर तो पाहुणा आमच्याकडे आला नाही.

यातले एक तत्त्व मात्र कॉन्फिकरहून जुने आहे. १९९० साली भारतात ‘जोशी’ नावाचा एक व्हायरस सापडला होता. ५ जानेवारीला तो मशीन अडवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप केल्याशिवाय सोडत नसे. कोणत्या जोशींचा वाढदिवस, ते विचारू नका. गंमत सोडली तर तो चिवट होता. तीन कळा दाबून मशीन पुन्हा सुरू केले तरी तो मेमरीत टिके. मशीन पूर्ण बंद करून, बाहेरच्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केले तरच तो निघे. ज्या घराचा ताबा चोराकडे आहे त्या घरात उभे राहून चोर शोधता येत नाही, बाहेरून यावे लागते. हल्लीच्या विंडोजमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ म्हणून जी सोय आहे ती हेच करते. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी, तिच्या बाहेरून तपासणी. नेहमीच्या तपासणीनंतरही व्हायरस परत येत असेल तर ही करून पाहावी. बरेच लोक त्या बटणापर्यंत पोहोचतच नाहीत.

पेनड्राइव्हची ती वाट पुढे बरीचशी बंद झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही आपोआप सुरू होण्याची सोय काढणारी दुरुस्ती आली. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्स्पीच्या दुरुस्त्याच थांबल्या. पण ‘काढला तरी परत येतो’ ही तक्रार काही थांबलेली नाही. गेल्या वर्षी एका नातेवाईक बाईंच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात सारखी पाटी येई, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, इथे दाबा’. तपासणीत काहीच सापडेना. सापडणार कसे, व्हायरस नव्हताच. कुठल्याशा संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ विचारले होते आणि बाईंनी ‘अलाउ’ दाबले होते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली, पाट्या बंद. त्या पाटीवरच्या फोन क्रमांकावर त्यांनी फोन केला नव्हता हे नशीब. तिथे व्हायरसपेक्षा बँकेचे खाते साफ करणारी माणसे बसलेली असतात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची.

त्यांच्याच ब्राउझरमध्ये एक उपरे एक्स्टेन्शन होते. शोध घ्यायला गेले की भलतेच पान उघडे. काढले, दुसऱ्या दिवशी हजर. पुन्हा काढले, पुन्हा हजर. मला ताट आठवले. विचारले, “याच खात्याने आणखी कुठे लॉग-इन केलंय का?” ऑफिसच्या मशीनवर केले होते. ब्राउझर दोन्हीकडची एक्स्टेन्शने जुळवून ठेवतो. घरी काढलेली वस्तू ऑफिसकडून परत येत होती. आधी दोन्हीकडची जुळवणी बंद केली, मग दोन्हीकडून काढले, आणि चांगल्या मशीनवरून खात्याचा पासवर्ड बदलला. व्हायरस काढण्याची मोफत साधने भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फेही २०१७ पासून मिळतात. अनोळखी ठिकाणाहून ‘फुकट क्लीनर’ उतरवण्यापेक्षा ती बरी.

फॉरमॅट करणे वाईट नाही. काही वेळा तोच खात्रीचा उपाय असतो. पण त्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारावे, तुझे काय आहे आणि ते कुठे आहे. कागदपत्रे आणि फोटो तेवढे काढून घ्यावेत, प्रोग्राम घेऊ नयेत, आणि ती प्रत तपासल्याशिवाय नव्या मशीनला लावू नये.

बाबांनी पुन्हा टाइप केले नाही. दोनशे पानी वही आणवली आणि शाईच्या पेनाने पहिल्यापासून लिहायला बसले. ती वही पुढे मी टाइप केली, तीन ठिकाणी जपून ठेवली. भुसावळच्या यार्डातल्या एका पावसाळी रात्रीचा प्रसंग तीत सहा ओळींत आहे. हरवलेल्या फाइलमध्ये तो चार पाने होता, एवढे मला नक्की आठवते. ती मीच त्यांना तपासून दिली होती.