लवकर चालणारे बाळ पुढे खेळाडू होते का?

"आमचा नऊ महिन्यांत चालला, हा नक्की धावपटू होणार." "शेजारचं बाळ दहा महिन्यांत चालायला लागलं, आमची तेरा महिन्यांची झाली तरी सोफा सोडत नाही." उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी बसा, ही दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिल्यात कौतुक असते, दुसऱ्यात काळजी. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण तर घरात आजी असो वा दादी, सगळ्यांच्या तोंडी असते.

थोडक्यात उत्तर असे आहे: निरोगी बाळाने पहिले पाऊल कितव्या महिन्यात टाकले, यावरून ते पुढे चांगला खेळाडू होईल की नाही हे सांगता येत नाही. मात्र फार उशीर झाला, किंवा चालण्यात काही वेगळे दिसले, तर त्यावरून काही आजार वेळेवर ओळखता येतात. म्हणून चालण्याच्या वयाकडे शर्यत म्हणून न पाहता तपासणीची एक खूण म्हणून पाहावे.

बाळे चालायला कधी लागतात?

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी बाळांच्या हालचालींची नोंद ठेवली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदींनुसार, आधाराशिवाय चालण्याचे वय साधारण ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत होते. सरासरी वय १२ महिन्यांच्या आसपास होते. म्हणजे नऊ महिन्यांत चालणारे बाळही सामान्य आणि सोळा महिन्यांत चालणारेही सामान्य. दोघांत सात महिन्यांचे अंतर असूनही दोघांना काहीही झालेले नसते.

याच अभ्यासात सुमारे ४ टक्के बाळे हात आणि गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरकते, कुणी बसल्या बसल्या पुढे घसरते, कुणी थेट उभे राहते. 'रांगलं नाही, म्हणजे पाय कच्चे' असे समजण्याचे कारण नाही.

बाळ वेळेआधी जन्मले असेल, तर त्याचे वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आज १४ महिन्यांचे असेल, तर त्याच्या हालचाली १२ महिन्यांच्या बाळाशी ताडून पाहाव्यात. दोन वर्षांचे होईपर्यंत हा हिशेब ठेवावा.

अभ्यास काय सांगतात?

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे २२२ निरोगी मुलांचा जन्मापासून वयाच्या १८ वर्षांपर्यंत पाठपुरावा करण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, बाळ कधी बसू लागले आणि कधी चालू लागले याचा शाळकरी वयातील हालचालींच्या कौशल्याशी किंवा बुद्धिमत्तेशी सांगण्याजोगा संबंध नव्हता.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तुम्हाला माहीत असावा. उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या नऊ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात, बाळपणी हालचालींचे टप्पे लवकर गाठणारी मुले १४ व्या वर्षी सरासरीने थोडे जास्त खेळ खेळत होती. पण हा फरक अगदी छोटा होता आणि तो हजारो मुलांची सरासरी काढल्यावरच दिसतो. उंच माणसांचे वजन सरासरीने जास्त असते, म्हणून नुसती उंची ऐकून एखाद्याचे वजन सांगता येत नाही. हेही तसेच आहे. शिवाय त्या अभ्यासाने मोजले होते खेळात भाग घेणे. पदक मिळवणे किंवा राज्याच्या संघात निवड होणे नव्हे.

मग एक लवकर आणि एक उशिरा का चालते?

पहिले कारण आनुवंशिकता. २०२५ मध्ये युरोपीय वंशाच्या ७० हजारांहून अधिक बाळांवरील संशोधनात असे आढळले की, चालण्याच्या वयातील सुमारे एक चतुर्थांश फरक जनुकांशी जोडता येतो. त्यामुळे आजी जेव्हा म्हणते, "याचा बाबाही दीड वर्षाचा होईपर्यंत चालला नव्हता", तेव्हा ती माहिती डॉक्टरांना जरूर सांगा. ती उपयोगी पडते.

दुसरे कारण बाळाला मिळणारी मोकळीक. दिवसभर कडेवर, झोळीत किंवा पाळण्यात असलेल्या बाळाला जमिनीवर सराव कमी मिळतो. आईबाबा सकाळच्या लोकलने मुंबईला आणि बाळ पाळणाघरात किंवा आजीकडे, अशी अनेक घरे आपल्याकडे आहेत. पडेल या भीतीने बाळाला उचलून ठेवले जाते. यात कुणाचा दोष नाही. अशा बाळाचे पहिले पाऊल थोडे उशिरा पडू शकते, इतकेच.

तिसरे कारण स्वभाव. काही बाळे धडपडी असतात, काही आधी नीट अंदाज घेतात आणि मगच हात सोडतात.

घाई करून काय मिळते, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. अमेरिकेत १९२९ साली दोन जुळ्या बहिणींवर हा प्रयोग झाला. एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीला ५३ व्या आठवड्यापासून फक्त दोन आठवडे. थोड्याच दिवसांत दुसरीने पहिलीला गाठले. शरीर तयार झाले की बाळ भराभर शिकते, आणि आधी मिळवलेली आघाडी फार टिकत नाही.

खेळाडू कशातून घडतो?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्पर्धात्मक धावण्याकडे सैन्यातच वळला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. अमेरिकेची विल्मा रुडॉल्फ वेळेआधी जन्मलेली होती आणि लहानपणी पोलिओ झाल्याने तिला पायाला आधाराची पट्टी लावावी लागे. तिने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदके जिंकली.

प्रत्येक मूल असे होईल, असा याचा अर्थ नाही. पण खेळातले यश पहिल्या पावलानंतर अनेक वर्षांनी ठरते. त्यात मुलाची आवड, पुरेसा आहार आणि झोप, खेळायला जागा, चांगला प्रशिक्षक, घरच्यांची साथ आणि वर्षानुवर्षांचा सराव हे सगळे येते. दोन महिने आधी चालवण्यासाठी धडपडण्यापेक्षा पाच वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी तासभर मैदानावर नेणे कितीतरी जास्त उपयोगाचे आहे.

वॉकर घ्यावा का?

चाकांचा, मध्ये बाळाला बसवायचा वॉकर घेऊ नका. भेट म्हणून आला असेल तरी वापरू नका. त्याने बाळ लवकर चालत नाही; उलट काही बाळांना उशीर होतो, कारण वॉकरमध्ये त्याला स्वतःचा तोल सांभाळावा लागत नाही आणि स्वतःचे पाऊलही दिसत नाही. मोठा धोका अपघाताचा. वॉकरमधले बाळ क्षणात जिन्यापाशी, ओट्यावरच्या गरम चहापाशी किंवा इस्त्रीच्या वायरपाशी पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००१ पासून बंदीची मागणी केली आहे.

आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. बाळ आपले आपण धरून उभे राहू लागल्यावर, सपाट जमिनीवर आणि मोठ्या माणसाच्या नजरेसमोर तो वापरायला हरकत नाही. पण तो खेळ आहे, गरज नाही.

घरी काय करावे?

• रोज बाळाला जमिनीवर सतरंजी टाकून मोकळे सोडा. जागे असताना, तुमच्या देखरेखीखाली, पोटावरही ठेवा.
• घरात अनवाणी चालू द्या. गुळगुळीत टाइल्सवर पायमोजे घातले की बाळ घसरते. पावसाळ्यात फरशी ओलसर राहते, ती पुसून कोरडी ठेवा.
• पकडून उभे राहता येईल असे न हलणारे फर्निचर ठेवा. टीव्हीचे हलके स्टँड आणि प्लास्टिकच्या खुर्च्या बाजूला करा.
• जिन्याला आणि गॅलरीला अडसर लावा.
• दोन्ही हात वर ओढून बाळाला चालवत बसू नका. त्यापेक्षा समोर थोड्या अंतरावर बसा आणि बोलवा.
• पडले की घाबरून जाऊ नका. अमेरिकेतील एका अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची बाळे मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत. पडणे हा शिकण्याचाच भाग आहे.
• मालिश जरूर करा, हलक्या हाताने. पाय ओढणे, उलटे टांगणे असे प्रकार करू नका.
• ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पहिले वर्षभर द्या. त्याची फार कमतरता झाली तर मुडदूस होतो, पाय वाकतात आणि चालणे लांबते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

पुढीलपैकी काहीही दिसले तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका:

• ९ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नाही.
• १२ महिन्यांनंतरही आधार धरून पायांवर वजन घेत नाही.
• १८ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय चालत नाही.
• अंग फार सैल किंवा फार ताठ वाटते.
• वर्षाच्या आतच एकच हात किंवा एकच पाय जास्त वापरते.
• लंगडत किंवा बदकासारखे डुलत चालते, किंवा एक पाय आखूड वाटतो. यात खुब्याचा सांधा निसटलेला असू शकतो.
• नेहमी चवड्यांवरच चालते.
• हाकेला वळत नाही, नजर देत नाही किंवा काहीच बोबडे बोलत नाही.

आधी जमणारी हालचाल बाळाला जमेनाशी झाली, लंगडण्यासोबत ताप आला किंवा पडल्यावर पाय टेकवतच नसेल, तर त्याच दिवशी दाखवा.

१८ महिन्यांनंतरही न चालणाऱ्या मुलग्यांमध्ये डॉक्टर सीके नावाची साधी रक्ततपासणी सांगू शकतात. स्नायूंचा एक आनुवंशिक आजार त्यातून लवकर लक्षात येतो. तपासणी सांगितली म्हणजे आजार आहेच, असे नाही.

कुठे जावे?

वेगळी फेरी मारायची गरज नाही. ९ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीला जाल तेव्हा बसण्याबद्दल विचारा. १६ ते २४ महिन्यांतल्या बूस्टरला जाल तेव्हा चालण्याबद्दल विचारा, आणि बूस्टर शक्यतो १८ महिन्यांच्या आत घ्या. उल्हासनगर कॅम्प ३ मधील मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, कुठेही सुरुवात करता येते. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. विकासात उशीर असलेल्या मुलांना या पथकामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि बाळाच्या चालण्याचा मोबाइलवर काढलेला एक छोटा व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्यात बाळ रडते आणि चालून दाखवत नाही, तेव्हा तो व्हिडिओ डॉक्टरांच्या फार कामी येतो.

शेजारच्या बाळाकडे पाहून तुमच्या बाळाचे भविष्य ठरवू नका. गेल्या महिन्यात त्याला जे येत नव्हते ते या महिन्यात येते आहे का, एवढे पाहा. येत असेल, तर निश्चिंत राहा. येत नसेल, तर पुढच्या लसीची वाट न पाहता दाखवून घ्या.