अर्भकाची न ओसरणारी कावीळ

राहुरी तालुक्यात नवजात अर्भकास कावीळ दिसताच त्याला कोवळ्या उन्हात धरण्याचा प्रघात आहे, आणि बहुतेकांची कावीळ दोन आठवड्यांत आपसूक ओसरते. परंतु 14 दिवस उलटूनही डोळे पिवळे राहिले, लघवीचे डाग दुपट्यावर उमटू लागले आणि शौच पांढुरके झाले, तर पित्तवाहिन्याच बुजल्या असण्याचा संभव तत्काळ ध्यानी घ्यावा. मुळा धरणाच्या कालव्याचे तोंड बुजून पाणी मागे तुंबावे, तसे पित्त यकृतात साचून त्याचा नाश करते. जपानमधील शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी 1950 च्या दशकात आतड्याचे वेटोळे थेट यकृताच्या द्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली; ती 60 दिवसांच्या आत झाल्यास यशाची आशा अधिक, आणि म्हणूनच उन्हाच्या भरवशावर घालवलेला प्रत्येक आठवडा मला असह्य वाटतो.

पित्त अडण्याचे दुसरे कारण म्हणजे पित्तनलिका जन्मतः फुगलेली असण्याचा विकार; तो आशियात, विशेषतः मुलींत, अधिक आढळतो. स्वादुपिंडाची नलिका तिला आतड्याबाहेरच मिळाल्याने पाचकरस पित्तमार्गात शिरतो, असे कारण बहुधा मानले जाते, आणि पुढील कर्करोगाच्या भयास्तव तो फुगवटा काढून टाकतात.

तूर्त कावीळ न ओसरल्यास पालकांनी रक्ततपासणीत एकूण बिलिरुबिनाबरोबर, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याबरोबर, पित्त तुंबल्यास वाढणाऱ्या ‘डायरेक्ट’ बिलिरुबिनाचा आकडाही आवर्जून मागावा.