बॉइनच्या काठी, पाच हजार वर्षांच्या सोबतीत

डब्लिनच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, बॉइन नदी आयरिश समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे, ड्रॉहेडा हे जुने बंदर वसले आहे. आयर्लंड पाहायला जाणारे बहुतेक पर्यटक त्याला टाळूनच जातात. डब्लिनहून सकाळी बसने निघायचे, न्यूग्रेंजची प्राचीन समाधी पाहायची आणि सायंकाळी परतायचे, असा शिरस्ता आहे. त्यात समाधी दिसते. पण ज्या नदीच्या वळणात ती उभी आहे ती नदी आणि त्याच नदीने पुढे घडवलेले शहर, दोन्ही पाहायची राहून जातात. डब्लिनहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येणाऱ्या या गावात दोन रात्री मुक्काम करणे अधिक शहाणपणाचे.

ड्रॉहेडाच्या मूळ आयरिश नावाचा अर्थ ‘पायउताराजवळचा पूल’ असा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदारांनी येथे नदीच्या दोन तीरांवर दोन वेगळी नगरे वसवली. त्यांचा कारभार वेगळा होता आणि परस्परांतील कुरबुरीही होत्या. १४१२ मध्ये ती एक झाली. त्या काळच्या तटबंदीपैकी सेंट लॉरेन्स गेट आजही रस्त्याच्या मधोमध उभे आहे. नावाने दरवाजा असला तरी प्रत्यक्षात ते दरवाजापुढचे संरक्षक बांधकाम होते. त्याचे दोन गोल बुरूज पाहिले की बंदरात येणाऱ्या मालाला आणि माणसांना केवढी किंमत होती, हे उमगते.

त्या तटबंदीचा कस लागला सप्टेंबर १६४९ मध्ये. ऑलिव्हर क्रॉमवेलच्या तोफांनी दक्षिणेकडील भिंत फोडली आणि शहरात शिरलेल्या सैन्याने शिबंदीची सरसकट कत्तल केली; त्यात धर्मगुरू आणि नागरिकही मारले गेले. मृतांची संख्या साधारणपणे अडीच ते साडेतीन हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. ही लढाई केवळ इंग्रज विरुद्ध आयरिश अशी नव्हती. शहराचा बचाव करणारा सेनापती सर आर्थर ॲस्टन स्वतः इंग्रज होता, राजाच्या बाजूने लढणारा. बचाव करणाऱ्यांतही दोन्ही देशांची माणसे होती. पुढील पिढ्यांच्या स्मृतीत मात्र हा बारकावा टिकला नाही. आयर्लंडमध्ये क्रॉमवेलचे नाव आजही सहजपणे घेतले जात नाही. ॲस्टन जेथे पडला त्या मिलमाउंट टेकडीवर आता संग्रहालय आहे आणि तेथून सारे शहर नजरेत येते.

सेंट पीटर्स या कॅथलिक चर्चमध्ये संत ऑलिव्हर प्लंकेट यांचे शिर काचेच्या पेटीत जतन केलेले आहे. या आर्चबिशपांना १६८१ मध्ये लंडनला देहदंड झाला. १९७५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. परक्या पर्यटकाला हे दृश्य काहीसे दचकवते. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाची गर्दी पाहिलेल्या गोमंतकीयाला मात्र त्या पेटीपुढची शांतता परकी वाटणार नाही.

शहराच्या वायव्येला मोनॅस्टरबॉइस येथे नवव्या-दहाव्या शतकांतील उंच दगडी क्रूस आहेत. बायबलमधील प्रसंग त्यांवर चौकटी-चौकटींनी कोरलेले असल्याने अक्षरओळख नसलेल्यालाही ते वाचता येत. जवळच मेलिफाँट हा ११४२ मध्ये स्थापन झालेला, आयर्लंडमधील पहिला सिस्टर्शियन मठ आहे; आज केवळ अवशेष उरले आहेत.

नदीच्या उगमाच्या दिशेने गेले की प्रथम ओल्डब्रिज लागते. १६९० मध्ये इंग्लंडच्या गादीसाठी जेम्स आणि विल्यम या सासरा-जावयांमध्ये येथेच लढाई झाली. त्यापुढे नदीच्या वळणात न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ या तीन मोठ्या समाधी-टेकड्या आहेत.

न्यूग्रेंजचा काळ इ. स. पूर्व ३२०० च्या सुमाराचा, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही आधीचा. सुमारे १९ मीटर लांबीचा अरुंद दगडी मार्ग आत एका दालनात जातो. दालनाचे छत चुन्याशिवाय, शिळा एकीवर एक किंचित पुढे सरकवत रचलेले आहे आणि आजही ते गळत नाही. वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, सूर्योदयानंतर काही मिनिटांनी, दरवाजावरील झरोक्यातून किरण आत शिरतात आणि सुमारे १७ मिनिटे दालन उजळते. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली यांनी डिसेंबर १९६७ मध्ये आत थांबून हे प्रथम टिपले. आता त्या दिवसांतील प्रवेशासाठी सोडत काढली जाते. इतरांना विजेच्या दिव्याने त्याची कल्पना दिली जाते.

पण न्यूग्रेंजची जी शुभ्र भिंत छायाचित्रांत झळकते, तिच्याकडे थोडे सावधपणे पाहावे. पांढरे गारगोटीचे दगड विकलो पर्वतातून आणलेले, खरोखरच प्राचीन आहेत. उत्खननात ते जमिनीवर पसरलेले सापडले. ती मूळची भिंतच कोसळली असावी, असा ओकेलींचा निष्कर्ष, आणि त्यानुसार विसाव्या शतकात मागे काँक्रीटचा आधार देऊन ती उभारली गेली. इतर काही अभ्यासकांच्या मते हे दगड मुळातच प्रवेशद्वारापुढील अंगणात अंथरलेले होते. शेजारच्या नाउथला तसेच दगड सापडले, तेव्हा जॉर्ज ओगन यांनी ते जमिनीवरच राहू दिले. एकाच पुराव्याचे असे दोन अर्थ एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतरावर पाहता येणे दुर्मीळ आहे. म्हणून केवळ न्यूग्रेंजवर समाधान मानू नये. नाउथच्या कडेच्या शिळांवरील सर्पिल आणि वर्तुळाकृती कोरीवकामाची समृद्धी तर युरोपात अन्यत्र क्वचितच आढळते.

ही दोन्ही स्थळे अभ्यागत केंद्रातील तिकीट आणि तेथील बसशिवाय पाहता येत नाहीत. उन्हाळ्यात आगाऊ आरक्षण हवे. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे युरोपचा शेंगेन व्हिसा हाती असला तरी भारतीय पासपोर्टधारकाला तो येथे चालत नाही.

डाउथला मात्र ना बस, ना तिकीट. एकोणिसाव्या शतकातील खोदकामाने तिच्या माथ्यावर पाडलेला मोठा खड्डा तसाच आहे. आतील दालने बंद असतात. हिवाळ्यात मावळतीचे किरण त्यांपैकी एकात शिरतात. बाहेर टेकडीच्या उतारावर मेंढ्या चरत असतात.