रेझोल्यूट ते ग्रीस फियोर्ड : दीड तासाचं अंतर

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, आर्क्टिक वृत्ताच्याही बरंच वर, रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्ड ही दोन इनुइट गावं आहेत. 2021 च्या जनगणनेत पहिल्याची वस्ती 183 होती, दुसऱ्याची 144. भिंतीवरच्या नकाशात ती एकमेकांपासून फार लांब दिसतात. दोघांच्या रेखांशांत सुमारे 12 अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर तेवढ्या अंशांचे 1,300 किलोमीटरहून अधिक झाले असते. पण ध्रुवाकडे रेखावृत्तं जवळ येत जातात, त्यामुळे इथे ते जेमतेम 330 भरतात. अक्षांशांतला फरक धरला, तरी हवाई अंतर 380 किलोमीटरच्या आसपास.

या मार्गाचं ओळखीचं विमान म्हणजे दोन पंख्यांचं, एकोणीस आसनांपर्यंतचं ट्विन ऑटर. ताशी साधारण 265 किलोमीटर वेगाने ते दीड तासात पोचतं. समोरून ताशी 60 किलोमीटरचा वारा असेल, तर पावणेदोन तासांहून अधिक लागतात; पाठीशी असेल तर सव्वा तासाच्या आत. मात्र वैमानिकाला खरा हिशेब करावा लागतो तो परतीच्या इंधनाचा. ग्रीस फियोर्डची खडीची धावपट्टी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, तीही डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये. डोळ्यांना दिसली नाही तर उतरता येत नाही. मग आल्या वाटेने माघारी. हिवाळ्यात तर कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने होकायंत्रावर विसंबता येत नाही, म्हणून या भागात दिशा खऱ्या उत्तरेवरून मोजतात. 20 ऑगस्ट 2011 रोजी रेझोल्यूटजवळ प्रवासी विमान टेकडीवर आदळून बारा जण गेले. दिशादर्शक यंत्रणेतली चूक हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं.

एवढ्या अडचणीच्या जागी गावं वसली कशी? 1953 साली कॅनडा सरकारने क्वेबेकच्या उत्तरेकडल्या इनुकजुआकहून इनुइट कुटुंबं जहाजाने सुमारे 2,000 किलोमीटर उत्तरेला नेली. या परिसराची ओळख असलेली काही कुटुंबं पाँड इनलेटहून सोबत घेतली. दोन वर्षांनी परत येता येईल, असं सांगितलं होतं. ते वचन पाळलं गेलं नाही. त्याहून क्रूर गोष्ट अशी, की आपल्याला वेगवेगळ्या ठिकाणी उतरवणार आहेत, हे त्या लोकांना जहाजावर कळलं. नात्यागोत्यातली माणसं दुभंगली. सरकारने माफी मागितली ती 2010 साली. त्याच वर्षी दोन्ही गावांत स्मारकं उभी राहिली. रेझोल्यूटमध्ये एकटा पुरुष ग्रीस फियोर्डच्या दिशेने पाहतो, तर तिकडे मुलासह उभी असलेली बाई रेझोल्यूटकडे.

म्हणूनच या दीड तासाच्या सेवेकडे नुसत्या नफ्यातोट्याच्या नजरेने पाहणं मला अन्यायाचं वाटतं. गावांना जोडणारा रस्ता नाही. मोठं सामान आणणारं जहाज वर्षातून एकदा, बर्फ वितळल्यावर येतं. एरवी ताजी भाजी, औषधं, टपाल, पाहुणे, सगळं विमानावर अवलंबून. प्रदेशाचं मोठं रुग्णालय इकालुइतला, ग्रीस फियोर्डपासून सरळ रेषेत सुमारे 1,500 किलोमीटरवर. गरोदर बायकांना बाळंतपणासाठी काही आठवडे आधीच गाव सोडावं लागतं, आणि त्यांच्या त्या प्रवासाची सुरुवात याच छोट्या विमानाने होते.